एका बाजूनं तुडवलेली रुई

थांबा, मले हे आत्ताच्या आत्ता सांगू द्या. आज ऑफिसात एका क्रेनचं चित्र स्क्रीनवर पूर्ण निळं आलं, म्हणजे पास, सगळे चहाले उठले, अन् मी ओढणीत तोंड घालून तिथंच बसली. बाजूची म्हणे, "पास झालं तरी रडते काय वं?" तिले काय सांगू. तीन वर्षं झाली, मी हे कोणाले सांगतलं नाई. आता टाइप करायले बसलीच हाये त सगळं टाकते, शुद्धलेखन पाहू नका.

दोन हजार सहाचा हंगाम होता. डिप्लोमा झाल्या झाल्या मले वर्ध्याच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये काम लागलं. पिपरी मेघ्यातून सायकलनं वीस मिनिटं. तिथं कापसाच्या गाठी बांधायच्या प्रेसा बनत. ज्यायनं प्रेस पाह्यली नाई त्यायच्यासाठी सांगते. जिनिंगमध्ये कापसातून सरकी काढून घेतली की उरते थे रुई. रुई एका उंच लोखंडी पेटीत भरतात, मंग खालून हायड्रॉलिकचा दांडा वर येते अन् रुई वरच्या जाड बीमावर दाबते. बीम चार खांबांवर बसलेला. माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली रुई कमरेएवढी होऊन जाते, तिले तार बांधली की झाली गाठ. एवढा जोर त्या चार खांबांवर अन् एका बीमावर येते.

मालकाले आम्ही सगळे भाऊ म्हणायचो. भाऊनं हौसेनं एक कम्प्युटर अन् एक सॉफ्टवेअर घेतलं होतं. त्यात मशीन आधी स्क्रीनवर बनवायची, स्क्रीनवरच तिच्यावर जोर टाकायचा, अन् कुठं तुटन थे लोखंड कापायच्या आधीच पाहून घ्यायचं. निळं म्हणजे आराम. मंग हिरवं, पिवळं, अन् लाल म्हणजे तिथं काम गेलं. हे चालवणारी पूर्ण वर्कशॉपमध्ये मी एकटी. वेल्डर लोक त्याले रंगपंचमी म्हणत. रोज कोणीतरी खिडकीतून डोकावून इचारायचं, "काय ताई, आज रंगपंचमी झाली काय?"

सेलूच्या एका जिनिंगच्या शेठजीले हलकी प्रेस पायजे होती. भाऊ म्हणाले, "पाह्य बरं, कुठून लोखंड कमी करता येते."

मी पाह्यलं. बीम अन् खांब जिथं जुळतात तिथं कोपऱ्यात तिकोनी जाड पट्ट्या असतात, आठ. वर्कशॉपमध्ये त्यायले कान म्हणतात. मी स्क्रीनवर आठही कान काढून टाकले, पूर्ण जोर टाकला, अन् निळं आलं. थोडंसं हिरवं, पण लाल कुठंच नाई. मी प्रिंट काढली, रंगीत, अन् भाऊच्या टेबलावर ठेवली. भाऊ एवढे खूश झाले की थे प्रिंट त्यायनं काचेखाली घातली.

वर्कशॉपमध्ये सगळ्यात जुने एक मिस्त्री होते, आम्ही त्यायले काका म्हणायचो. काकानं थे प्रिंट हातात घेऊन उलटी-सुलटी पाह्यली अन् म्हणाले, "पोट्टीनं मशीनचे कान कापले. आता मशीन आपलं ऐकन काय?"

एक वेल्डर म्हणे, "काका, मशीनचे नाई, तिनं तुमचेच कान कापले."

सगळे हसले, मी पण हसली. लय मस्त वाटून राह्यलं होतं मले. बावीस वर्षांची पोट्टी अन् माझ्या सांगण्यावरून लोखंड कापून राह्यले.

आता ऐका, गोष्ट इथं हाये. मी वर्ध्याची, चारी बाजूले कापूस, अन् जिनिंगच्या गेटाच्या आत मी कधी गेलतीच नाई. बाबा शाळेत क्लार्क, आमच्या घरी शेती नाई. रस्त्यावर कापसाच्या बैलबंड्यायची लाइन पाह्यली तेवढीच, थे पण बसच्या खिडकीतून. अन् हे मले कोणी इचारलं नाई, कारण वर्ध्याच्या माणसानं जिनिंग पाह्यली नाई असं कोणाच्या मनातच येत नाई.

प्रेस बनली, ट्रकवर चढली, सेलूले गेली, आपल्या लोकायनं तिथं उभी पण केली. सोमवारी अकरा वाजता पूजा अन् पहिली गाठ. शुक्रवारी भाऊनं मले पाठवलं, तेलाच्या पाइपचं माप घ्यायले. "एसटीनं जाजो, दुपारपर्यंत येजो," एवढंच.

नव्या प्रेसच्या बाजूलेच त्यायची जुनी प्रेस चालू होती. मी माप घेतलं अन् वरच्या फळ्यायवर, पेटीच्या तोंडाशी, सहज पाह्यत उभी राह्यली. पेटीत दोन माणसं उतरलेली. रुई वरून पडते अन् थे दोघं पायानं तुडवतात, तुडवल्याशिवाय पेटीत पुरेशी रुई मावतच नाई. दोघं सख्खे भाऊ होते. मोठा पन्नाशीचा, लहान त्याच्याहून बराच लहान. डाव्या खांबाले एक दोरी बांधलेली होती, दोघंही एका हातानं थे दोरी धरून तुडवत होते.

मी पाच मिनिटं पाह्यलं, दहा मिनिटं पाह्यलं, अन् मंग मले दिसलं की थे उजव्या बाजूले जातच नाईत. रुई उजवीकडून पडते, धुरळा तिकडंच, अन् दोरी डावीकडं. थे डावीकडंच तुडवून राह्यले, तुडवून राह्यले. उजवीकडची रुई भुसभुशीत, तशीच.

मी वरून इचारलं, "दादा, तिकडं नाई तुडवत काय?"

मोठा म्हणे, "दोरी सोडली त पाय घसरते, म्याडम. रुई लय वाईट. गुडघ्यापर्यंत ओढते."

"मंग गाठ वाकडी नाई होत?"

लहान हसला. "एकीकडून कडकच राह्यते गाठ. कोणतीही जिनिंग पाहून घ्या. तुमाले नाई माहीत?"

मले नाई माहीत होतं. माझ्या स्क्रीनवर रुई म्हणजे जसं काही पाणी, सगळ्या बाजूनं सारखी. मी जोर पूर्ण बीमावर सारखा वाटून टाकला होता, सॉफ्टवेअरनं इचारलं जोर कसा, मी लिहिलं सारखा, संपलं. अन् इथं सगळा जोर डाव्या दोन खांबायवर. अन् कान मी कापलेले.

मंग दाबायची वेळ झाली. दोघं पेटीतून निघाले, दार लावलं, अन् मोठा भाऊ डाव्या बाजूले जाऊन उभा राह्यला, हात दाराच्या कडीवर. दाबणं झालं की दार त्यालेच उघडायचं असते. त्याचं डोकं डाव्या कोपऱ्याच्या बरोबर खाली. सोमवारी तो नव्या प्रेसच्या त्याच जागी उभा राहणार होता.

परतीच्या बसमध्ये मी हिशोब करायचा प्रयत्न केला, तिकिटाच्या मागं, पण पेन चालेना. भाऊले सांगू काय? काय सांगू? माझी प्रिंट त्यायच्या काचेखाली हाये. अन् पक्कं कुठं माहीत मले की तुटन? आधी पाहून घेऊ, मंग सांगू, असं ठरवलं. खरं सांगू त भीत होती मी, बाकी काही नाई.

शनिवारी भाऊ नागपूरले गेलते. मी आठ वाजता जाऊन बसली. आता अडचण ऐका. पहिल्या वेळी मी अर्धीच प्रेस काढली होती, कारण डावी-उजवी सारखी, जोर सारखा, त उरलेली अर्धी कम्प्युटर आरशासारखी समजून घेते. चाळीस मिनिटात उत्तर. आता जोर एकाच बाजूले, म्हणजे आरसा चालत नाई, पूर्ण प्रेस पायजे. त्याले लागतात सहा-सात तास. अन् साडेअकराले लोडशेडिंग. लाईट गेली की अर्धवट गणित मधातच मरते, पुन्हा पहिल्यापासून.

मंग मी जाळी मोठी केली. स्क्रीनवरच्या मशीनचे आधी बारीक बारीक तुकडे पाडावे लागतात, जाळीसारखे. जाळी बारीक त उत्तर भरोशाचं, जाळी मोठी त उत्तर लवकर. मी एवढी मोठी केली की माझ्या कॉलेजच्या मॅडमनं पाह्यलं असतं त वही फेकली असती. पावणेनऊले सुरू केलं. अंदाज तीन तास.

साडेअकराले लाईट गेली. यूपीएस टीं टीं करायले लागला. स्क्रीनवर ब्याण्णव टक्के. यूपीएस वीस मिनिटं चालन असं भाऊ म्हणायचे, काका म्हणायचे दहा. मी मॉनिटर बंद केला, तेवढंच वाचन म्हणून. अन् बसली. काही दिसत नाई, फक्त कम्प्युटरच्या आतल्या पंख्याचा आवाज. बाहेर ग्राइंडर बंद पडलेले, सगळे डबे उघडून जेवायले बसलेले, कोणीतरी लोणचं मागून राह्यलं, अन् मी कम्प्युटरले हात लावून बसली, जसं कोणाचा ताप पाह्यते. टीं टीं मधलं अंतर कमी होत गेलं. मले वाटे आता चालू करून पाह्यू, अन् वाटे चालू केलं अन् तेवढ्यानंच गेलं त?

शेवटी चालू केला. झालं होतं. अन् डाव्या बाजूचे दोन्ही कोपरे लाल होते.

दोन मिनिटात सगळंच बंद पडलं. पण मी पाह्यलं होतं.

आता सांगा, हे लाल खरं की मोठ्या जाळीमुळं खोटं? मोठ्या जाळीत कोपरे खोटे लाल पण दिसतात, हे मले माहीत होतं. म्हणजे बोलली अन् खोटं निघालं त भाऊचं गिऱ्हाईक जाईन अन् माझी नोकरी. नाई बोलली अन् खरं निघालं त तो माणूस, कडीवर हात ठेवून.

मी काकाकडं गेली. काका भाकर खाऊन राह्यलते. मी सगळं सांगतलं, तुडवणं, दोरी, लाल. काकानं हातातली भाकर खाली ठेवली. मंग म्हणाले, "मले तुझे रंग कळत नाईत, पोरी. पण दोरीचं खरं हाये. सगळीकडं तसंच तुडवतात."

"मंग तुम्ही मले आधी काऊन नाई सांगतलं?"

"हे काय सांगायची गोष्ट हाये काय? मले वाटलं कम्प्युटरले माहीत असन."

मंग त्यायनं उपाय सांगतला. कोपऱ्यावर पातळ चुना लावायचा अन् वाळू द्यायचा. लोखंड नुसतं ताणलं अन् परत आलं त चुन्याले काही होत नाई. पण लोखंड हद्दीच्या बाहेर ताणलं, परत न येण्यासारखं, त चुना तडकते अन् पापडी होऊन पडते. तुटायच्या बरंच आधी कळते. "आमच्या उस्तादाची रंगपंचमी," काका म्हणाले. "एकाच रंगाची."

पण प्रेस अन् जोर लावायचं यंत्र सगळं सेलूले, अन् भाऊ रविवारी रात्री परत येणार. म्हणजे सोमवारी, सगळ्यायच्या समोर. म्हणजे भाऊले सांगणं आलंच.

सोमवारी जीपमध्ये मी सांगतलं. पवनारच्या पुढं. काका मागं बसलेले, नारळाची पिशवी मांडीवर.

भाऊ गाडी चालवत म्हणाले, "म्हणजे कम्प्युटर खोटं बोलला."

"नाई भाऊ. मी त्याले खोटं सांगतलं."

"तुले आज आठोलं?"

"शुक्रवारी."

मंग भाऊनं गाडी हळू केली. मले वाटलं आता उतरवून देतात गाडीतून. सेलूचं वळण आलं तवा म्हणाले, "चुना किती लागते?"

काका मागून म्हणाले, "डबाभर. आणलाय मी."

चुना लावला, वाळला. शेठजी आले, पांढरे कोपरे पाह्यले. "हे काय, चुना लावला काय? मशीनले का मले?"

"आज मशीनले, शेठजी," भाऊ म्हणाले. "तुमची पाळी नाई."

शेठजी हसले. पूजा झाली, हळद-कुंकू लागलं. तुडवणारे दोघं भाऊ आले, चपला काढल्या, पेटीच्या काठाले हात लावून कपाळाले लावला, अन् उतरले. मी मोठ्याले हळूच सांगतलं होतं, "दादा, दाबताना आज दाराजवळ उभे नका राहू." तो म्हणे, "मंग दार कोण उघडन?" मी म्हटलं आज सगळं थांबल्यावर उघडू. त्याले पटलं नाई, पण मान हलवली.

अन् मंग काय झालं माहीत हाये? थे दोघं मस्त तुडवायले लागले. इकडं, तिकडं, चारी कोपरे, दोरी सोडून, एकमेकाले धरून, जसं काही नाच. शेठजी वर पेटीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले होते ना. मालक पाहून राह्यले म्हणून चांगलं काम. उजवा कोपरा त एवढा दाबला की बस. मी वरून पाहून राह्यली. हे रोजचं नाईच. ही परीक्षाच नाई.

दाबलं. जोर दाखवणारा काटा पूर्ण वर गेला. चुना जसाच्या तसा. गाठ निघाली, सगळ्या बाजूनं सारखी, देखणी. सगळ्यायनं टाळ्या वाजवल्या, नारळ फुटला, खोबऱ्याचे तुकडे वाटले. भाऊनं माझ्या हातावर तुकडा ठेवला अन् हळू म्हणाले, "झालं समाधान?"

मी तो तुकडा हातातच धरून ठेवला. काकाकडं पाह्यलं, काका चुन्याकडं पाहून राह्यलते. अन् मले कळेना काय करू. खरं बोलायचं म्हणजे सगळ्यायसमोर म्हणायचं, शेठजी, हे दोघं रोज असं तुडवत नाईत, रोज एकाच बाजूनं तुडवतात. त्यायच्या मालकाच्या समोर. त्या माणसाचं डोकं वाचवायले निघाली अन् त्याचंच नाव खराब करायचं? अन् नाई बोलली त उद्या शेठजी घरी, दोरी पुन्हा डावीकडं.

मले अजून माहीत नाई मले थे कसं सुचलं. मी म्हटलं, "शेठजी, मी हे मशीन कागदावर बनवलं. एकदा पायानं पण करून पाहू द्या ना. एक गाठ मी तुडवते."

भाऊ म्हणाले, "पागल झाली काय?"

काका म्हणाले, "उतरू द्या, भाऊ." असे म्हणाले की भाऊ बाजूले सरकले.

शेठजीले मजा वाटली. "उतर बाई, उतर. इंजिनेरीण बाई रुई तुडवते, पाहू त खरं."

मी ओढणी कमरेले बांधली, चपला काढल्या, काठाले हात लावून कपाळाले लावला, अन् उतरली. अन् बाप्पा, गुडघ्यापर्यंत पाय आत. काही हातीच लागत नाई, खाली जमीनच नाई, नाकात तंतू, वरून धप्प करून रुई अंगावर. मी दोन्ही हातानं दोरी धरली. मले नाटक करायची गरजच पडली नाई. उजवीकडं एक पाऊल टाकून पाह्यलं अन् अशी घसरली की लहान भावानं वरून हात दिला. मंग मी दोरी सोडलीच नाई. डावीकडं, डावीकडं, तिथंच, घाबरून तुडवत राह्यली. वरून लोक हसून राह्यले. "ओ म्याडम, तिकडं पण जा ना जरा." "म्याडमले दोरी घरी न्यायची हाये वाटते."

पेटी भरली. मले ओढून काढलं. दार लावलं. मोठा भाऊ सवयीनं दाराकडं निघाला, मी त्याची बाही धरली, सोडली नाई.

काटा अर्ध्यावर गेला. काही नाई. पाऊण. मले चुन्यावर एक केसाएवढी रेष दिसली, अन् मले वाटलं डोळ्यात तंतू गेला. मंग अजून रेषा आल्या, तिरप्या, अन् डाव्या कोपऱ्यातून नखाएवढी पापडी सुटून खाली पडली, मंग तिच्यामागं मूठभर.

"बंद," काका म्हणाले. तेवढंच.

बीम तुटला नाई. काहीच तुटलं नाई, आवाज पण झाला नाई. फक्त खाली फरशीवर पांढरा चुरा, जिथं तो रोज उभा राह्यते तिथं.

भाऊ उठले, शेठजीजवळ गेले अन् म्हणाले, "शेठजी, आठ दिवस द्या. नवीन माणूस उतरला तरी टिकली पायजे प्रेस. कान लावून देतो." शेठजी कुरकुरले, पण त्यायनं पण चुरा पाह्यला होता. पुढच्या आठवड्यात काकानं स्वतः जाऊन आठही कान वेल्ड केले, अन् डावीकडचे जरा जाडच.

मी पाण्याच्या टाकीजवळ केसातली रुई काढत होती तवा मोठा भाऊ आला. इकडं तिकडं पाह्यलं अन् हळू आवाजात म्हणाला, "आमी रोज तसंच तुडवतो, म्याडम. मले समजलं तुमी काऊन उतरल्या." मंग थोडा थांबून म्हणे, "मशीनले त्रास होत असन त दोरी मधात बांधू काय आमी?"

मी म्हटलं, "नका बांधू. तुमाले जिथं बरं वाटते तिथंच असू द्या. मशीन आमी नीट करतो."

तो गेला, अन् मी तिथंच खाली बसली. काकानं अर्ध्या तासानं येऊन इचारलं, "चालते काय?" मी म्हटलं, "थांबा जरा."

भाऊनं काचेखालची प्रिंट काढून टाकली. मले कामावरून नाई काढलं, पण पंधरा-वीस दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. अन् अजून मले पक्कं माहीत नाई, त्या पूर्ण हंगामात थे प्रेस तुटली असती काय. काका म्हणायचे, टिकली असती कदाचित. कदाचित म्हणायचे अन् दुसरीकडं पाह्यचे. मले त्या टाळ्याच जास्त आठवतात, पहिल्या गाठीच्या. किती सोपं होतं, खोबरं खायचं अन् जीपमध्ये बसायचं.

म्हणून इचारते, खरंच सांगा, लाजू नका. तुमच्यासोबत झालं काय असं कधी, की सगळे टाळ्या वाजवून राह्यले, अन् तुम्हाले एकट्यालेच माहीत होतं की अजून काही पास झालंच नाई?